रविवारी अकरा वाजता लढाई

माझी विनोदिनीवहिनी टीव्हीला नमस्कार करून मगच समोर बसायची. पडद्यावर देव असोत की गुरांच्या लसीची माहिती, तिला सगळे सारखेच. आमच्या वाड्यावरचा, म्हणजे सगळ्या वस्तीतला, पहिला रंगीत टीव्ही आमचा, त्यामुळे थट्टा करायचा हक्क मला आपोआप मिळालेला. मी म्हणायचे, "वैनी, तो गुरांचो डॉक्टर तुका आशीर्वाद देवचो नाय." ती शांतपणे म्हणायची, "दिल्लीसून बोलता तो. खोटा कित्याक बोलतलो?"

तिच्या या विश्वासाला कारण होते. बहात्तर साली सरकारची प्रचाराची जीप आमच्या देवळासमोर आली होती. दोन माडांच्या मध्ये पांढरा कपडा बांधून त्यांनी लढाईची चित्रे दाखवली. खरे जवान, खरे रणगाडे, खरा धूर. वहिनी कडेवरच्या लक्ष्मीला घेऊन अगदी कपड्याला नाक लावून उभी होती. एकेक चेहरा पाहत होती. त्या चेहऱ्यांत माझा दादा नव्हता. जीप निघाली तेव्हा ती चालकाला म्हणाली, "रवलेली कधी हाडतलास?" उरलेली चित्रे कुठेतरी आहेत आणि ती एक दिवस दाखवतील, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले. नाटक आणि खरे यांतला फरक आम्ही तिला पुढे सतरा वर्षे समजावला. तिने तो कधी मनावर घेतला नाही.

दादाबद्दल सांगायला हवे. कृष्णनाथ त्याचे नाव. गोवा मुक्त झाला त्या डिसेंबरात जवान पेडण्याच्या रस्त्याने आले, तेव्हा त्याला नुकते मिसरूड फुटले होते. कळशी घेऊन तो दिवसभर त्यांना पाणी देत उभा राहिला, आणि संध्याकाळी घरी आला तो निराळाच माणूस होऊन. दोन वर्षांनी कोणाला न सांगता बेळगावला गेला आणि भरती होऊन परतला. बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, नवव्या दिवशी सगळ्या बाजारात सांगत सुटले. मग लग्न, मग लक्ष्मीचा जन्म, आणि ती चालायला लागली तोवर एकाहत्तरचा डिसेंबर. पूर्वेकडे एका नदीवर लढाई झाली. तार आली : बेपत्ता.

माझी आई यशोदा ही बाई काही साधी नव्हती. तिने तार बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बेपत्ता म्हणजे मेलो न्हय. देवाक विचारूया." ग्रामदेवाला कौल लावला. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. प्रश्न विचारायचा, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भटजींनी विचारले, कृष्णनाथ जिवंत आहे का? सगळा वाडा देवळात उभा, आणि मूर्तीवरून नजर कोणी हलवीना. बऱ्याच वेळाने उजवी पडली. वहिनीने ती पाकळी पदरात घेतली.

त्या पाकळीवर वहिनीचे कुंकू सतरा वर्षे टिकले. पण पाकळीला दुसरी बाजूही होती, आणि ती गावाने बरोबर हुडकून काढली. जिवंत आहे, तर येत का नाही? कैदी सुटले, ज्याच्या त्याच्या घरी आले. मग हा कुठे राहिला? कोणी म्हणाले, तिकडेच घर केले असेल. कोणी त्या घरात बायको बसवली, कोणी दोन मुलगेही दिले. बाजारात मासळी घेताना हे सगळे वहिनीच्या कानावर पडायचे, आणि ती बांगड्याचा वाटा नीट निरखून घेऊन घरी यायची. दादा मेला असेल ही भीती तिने देवाच्या पायाशी ठेवली होती. तो आपल्याला टाकून गेला असेल, ही भीती मात्र रोज तिच्या अंथरुणात येऊन झोपायची.

बारा वर्षे झाली तेव्हा भटजींनी विषय काढला. इतकी वर्षे माणूस परतला नाही तर त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, दिवस करतात, आणि बायको कुंकू पुसते. वहिनी म्हणाली, "देवान होय म्हणलान हा. तुमी देवापरास व्हडले?" भटजी उठून गेले. आई त्या वेळी अंथरुणाला खिळलेली. ती गेली तीसुद्धा लेकाची वाट पाहतच.

मग लक्ष्मी लग्नाची झाली. मांद्र्याचे एक स्थळ घरी आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत पडली. निघताना मुलाच्या मामाने पायरीवर उभे राहून विचारले, "पण बापायचा काय समजायचा? गेलो, काय पळालो?" मी त्याला झाडू दाखवणार होते. वहिनीने माझा हात धरला. ते लोक पुन्हा आले नाहीत, आणि त्यानंतर आलेले दुसरे स्थळही याच प्रश्नावर फिरले. लक्ष्मी आईशी त्या दिवसांत फारसे बोलत नसे. एकदा मात्र पाणी भरताना म्हणाली, "आत्या, बाबा मेले असते तर बरे होते." मी तिच्या एक थोबाडीत दिली आणि नंतर मागीलदारी जाऊन रडले.

आणि अशा वेळी टीव्हीवर लढायांची एक मालिका आली. दर रविवारी सकाळी अकराला एक लढाई. माझे यजमान गोकुळदास पेडण्याला कचेरीत कारकून. त्यांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवले की सहाव्या भागात दादाच्या पलटणीची नदीवरची लढाई आहे. वहिनी तेव्हा आमच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. म्हणाली, "शेवटी हाडली. रवलेली."

त्या दिवसापासून आमचे घर मला नकोसे झाले. दर रविवारी भाग संपला की पुढच्या भागांची झलक दाखवत, त्यात ती नदीही असायची. काळे पाणी, पाण्यात बूट, आणि कोणीतरी खोल आवाजात काहीतरी हिंदीत बोलायचे. वहिनी उभी राहायची. वाड्यावरच्या बायका तिच्याकडे बघायच्या. एकीने तर विचारलेसुद्धा, "विनोदिनी, तू बघशीत मां ता? तेका काय जाला तर?" वहिनी म्हणाली, "काय जाला ताच बघूचा आसा." बाजारात लोक मला थांबवून विचारू लागले, टीव्ही दारात आणून ठेवशील का, आत मावणार नाही म्हणून. एकेक दिवसाने तो रविवार जवळ सरकत होता. मलाही कळत होते की ही नटमंडळी आहेत. तरी रात्री मला ते बूट दिसायचे.

शुक्रवारी दुपारी सगुण आला. सगुण डिचोलीचा, दादाच्याच तुकडीतला. फौजेतून परतल्यावर खाणीच्या ट्रकवर चालक झाला. दरवर्षी गणपतीत, चवथीला तो वहिनीकडे यायचा, तिच्या हातचे नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, ताट जेवायचा आणि दरवर्षी तेच सांगायचा : अंधार होता, नदी ओलांडताना चुकामूक झाली, मग कृष्णनाथ दिसला नाही. यंदा तो चवथीला आलाच नव्हता. आता तो वहिनीकडे न जाता सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. पायांना खाणीची तांबडी माती, आणि चेहरा आजाऱ्यासारखा.

"ताराबाय," तो म्हणाला, "आयतारा वैनीबायक टीव्ही पळोवंक दिवं नाका."

रविवारी तिला टीव्ही पाहू देऊ नको, असे हा का म्हणतो? मी चहा ठेवला होता, तो तसाच उकळत राहिला. सगुणने सांगितले. बेळगावला जुन्या जवानांचा मेळावा होता, तिथे मालिकेची माणसे आली. साहेबांसमोर एकेकाला विचारले. गणवेशातल्या माणसासमोर त्याला खोटे बोलता येईना. नदीत दादाला गोळी लागली होती. सगुणचा एक हात दोरावर आणि एका हातात दादाचा हात. पाण्याला ओढ होती, मागचे जवान दोरावर अडकून पडले होते, वरून गोळ्या येत होत्या. "हांवें हात सोडलो," सगुण म्हणाला. "तांणी सगळें बरोवन घेतलें. नांवासयत." म्हणजे हात सुटला नव्हता, यानेच सोडला होता, आणि मालिकेवाल्यांनी ते नावानिशी लिहून घेतले होते.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. सतरा वर्षे माझ्या भावाच्या घरी बसून नेवऱ्या खाल्ल्यास, म्हणाले. माझी आई वाट बघत मेली, म्हणाले. तो ऐकून घेत होता. "पयलेच खेपेक सांगपाक आयिल्लों," तो म्हणाला. "तुजे आवयन पाकळेची गजाल सांगली. वैनीबाय कुंकू लावन मुखार उबी. कशें सांगूं?" पहिल्याच वर्षी तो सांगायला आला होता, पण आईने कौलाचे सांगितले आणि त्याचे तोंड बंद झाले. मी त्याला म्हटले, उद्या ये आणि तिच्या तोंडावर सांग. टीव्हीने सांगण्याआधी तू सांग. तो मान हलवून गेला.

शनिवारी तो आला नाही. संध्याकाळी मीच शेताची मेर ओलांडून वहिनीकडे गेले. ती ओटीवर आबोलीचे वळेसार गुंफत बसली होती आणि खुंटीवर लग्नातली हिरवी साडी ऊन दाखवून झटकून ठेवली होती. दादा दिसणार म्हणून. मी बसले, उठले, लक्ष्मीने दिलेले पाणी प्याले आणि काही न सांगताच घरी आले.

रविवारी दहालाच आमची पडवी भरली. खिडकीला पोरे लटकली. गोकुळदास अँटेना फिरवून घामाघूम झाले. वहिनी हिरवी साडी नेसून, केसांत आबोली माळून आली आणि सगळ्यांत पुढे बसली. तिने हात जोडले. शेजारी लक्ष्मी, अंग चोरून. अकरा वाजायच्या सुमाराला दाराकडची माणसे जरा बाजूला झाली आणि मला सगुण दिसला. तो आत आला नाही. चौकटीला धरून उभा राहिला.

लढाई सुरू झाली. गोरागोमटा एक नट दादाच्या नावाने हाक मारल्यावर वळला तेव्हा वहिनी म्हणाली, "ह्यो तो न्हय." मला हायसे वाटले, पण क्षणभरच. मग रात्र झाली, नदी आली, दोर आला. गोळी लागली. दोन हात पडद्यावर एवढे मोठे दाखवले, एकात एक अडकलेले, आणि पाणी त्यांना ओढते आहे. मी वहिनीचा खांदा धरला. ती पडद्याकडे पाहत नव्हती. हातांकडे पाहत होती, जसे ते टीव्हीच्या पेटीत नसून तिच्या मांडीवर ठेवले आहेत.

आणि हात सुटले नाहीत. त्या दुसऱ्या जवानाने, पडद्यावरच्या सगुणने, एक आरोळी ठोकली आणि मित्राला ओढून काठावर घेतला. वाजंत्री वाजली, सूर्य उगवला, दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. पडवीत टाळ्या पडल्या. कोणीतरी वहिनीला म्हणाले, "वाचलो गो तुजो घोव!" साबणाची जाहिरात लागली.

वहिनी उठली. माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेली, वाकली आणि सगुणच्या पायांना हात लावला. तो दचकून मागे सरला. ती सरळ झाली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. त्यात आनंद नावालाही नव्हता.

"तू तेका भायर काडलंस," ती म्हणाली. "तो जितो काठार पावलो. मगे आयलो कित्याक नाय?"

पडवीतली सगळी माणसे दाराकडे वळली.

"सांग मरे. लोक म्हणतत ताच खरा मगे? आमका टाकून गेलो?" तिने लक्ष्मीकडे बोट केले. "ह्या चेडवाक मी काय सांगू?" मंगळसूत्रावर तिची मूठ आवळली होती आणि ती आता ते ओढून तोडणार असे मला वाटले. मेलेल्यासाठी नव्हे, टाकून गेलेल्यासाठी. मी ओरडले, "सगुण, बोल!"

"तें नाटक, वैनीबाय," सगुण म्हणाला. "तांणी बदल्लें. तो काठार पावलोच ना. ताका गुळी लागिल्ली. हांवें ताचो हात सोडलो."

वहिनी एक पाऊल पुढे सरकली.

"हात तुवां सोडलंस?"

"हांवें."

"तेणां नाय?"

"ना गो," सगुण रडायला लागला आणि आपल्या हातावर नखे रुतल्याची जागा दाखवू लागला. "ताणें घट धरिल्लो. म्हज्या हाताक ताचीं नाखटां लागिल्लीं. हांवें बोटां सोडोवन घेतलीं."

मला वाटले, ती त्याच्या अंगावर धावून जाईल. तिने मूठ उघडली. मागे वळून लक्ष्मीला जवळ बोलावले आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आयकलंस? तुज्या बापाशीन हात सोडूक नाय."

मग ती दारातच खाली बसली आणि माणूस गेल्यावर बायका रडतात तशी रडली. वाड्यावरच्या बायका तिच्याभोवती बसल्या. गोकुळदासांनी टीव्ही बंद केला.