काचेचं पाणी

आमच्या फ्लॅटमध्ये दोन न्हाणीघरं आहेत. त्यातल्या एकात बरेच दिवस कोणी आंघोळ केली नाही. तिथे भिंतीला पांढऱ्या नळकांड्या होत्या, खाली पंप, पंपाशेजारी निळे ड्रम, आणि एक पाइप बाल्कनीतून खाली उभ्या असलेल्या गाडीपर्यंत सोडलेला. त्या खोलीत मी पाणी तयार करायचो. पिण्याचं नाही, काचा धुण्याचं.

हे ऐकून लोक आधी हसतात. काच धुवायला कसलं आलंय खास पाणी? मलाही तसंच वाटलं होतं. माझा साळा पुण्याला सफाईच्या कंपनीत काम करून भंडाऱ्याला परत आला आणि स्वतःचा धंदा टाकतो म्हणाला, तेव्हा त्यानं एका काचेच्या तुकड्यावर आमच्या बोरचं पाणी ओतलं आणि तुकडा उन्हात ठेवला. पाणी वाळलं, पांढरे ठिपके उरले.

"पाहा भाऊजी, हे क्षार. खालची काच पुसता येते. तिसऱ्या मजल्यावरची पुसाले कोण चढन? पाणीच असं पाहिजे का वाळल्यावर मागं काही राहालेच नाही पाहिजे."

लांब काठीच्या ब्रशातून ते पाणी सोडायचं, काच घासायची आणि तशीच वाळू द्यायची, एवढंच त्याचं काम. माझं काम त्याआधीचं. आलेलं पाणी फिल्टरच्या पडद्यातून दाबून काढायचं, मग उरलेले क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांच्या डब्यातून, आणि शेवटी क्षार मोजायचं मीटर बुडवून पाहायचं. मीटरनं शून्य दाखवलं की पाणी तयार.

साळा भाड्याच्या एका खोलीत राहायचा, त्याच्याकडे जागा नव्हती. मी राइस मिलमधली नोकरी सुटल्यापासून घरी बसून होतो. बायको म्हणाली, "त्याचं बस्तान बसते अन् तुम्हालेही उठाले कारण भेटते." ती टोमणा मारत नव्हती. मला तो लागला, ही गोष्ट वेगळी.

साळ्यानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. एक बादली कामाचं पाणी निघतं तेव्हा दोन-तीन बादल्या क्षाराचं पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं. ते नालीत सोडायचं. मी मान डोलावली.

सुरुवातीला पाणी खरोखरच बाहेरून यायचं. साळ्याच्या एका दोस्ताचं शहराबाहेर शेत आहे. तिथल्या विहिरीवरून तो कॅन भरून आणायचा आणि आम्ही दोघं ते पहिल्या मजल्यापर्यंत चढवायचो. इमारतीतल्या लोकांना मी सांगून ठेवलं होतं, पाणी बाहेरचं आहे, इथे फक्त गाळतो. ते खरं होतं. मग माझी कंबर धरली. एका सकाळी कॅन कमी आले म्हणून मी घरचा नळ जोडला. पुढे कॅन यायचे थांबलेच. सांगितलेलं मात्र तसंच राहिलं. मी काही नव्यानं खोटं बोललो नाही, असं स्वतःला समजावत राहिलो. आधीचं खरं आता खरं राहिलं नाही, एवढंच कोणाला कळवलं नाही.

त्यात इमारतीच्या मोटरची चावी माझ्याकडे. सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं आणि मी दिवसभर घरी. बोरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, टाकीतून सगळ्यांच्या घरी. टाकी लवकर रिकामी व्हायला लागली तेव्हा लोकांनी उन्हाळ्याला दोष दिला, बाजूच्या नव्या इमारतीच्या खोल बोरला दिला. मीही हो म्हणायचो. मी कमी बोलतो म्हणून माझ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास होता.

सगळ्यात वरच्या मजल्यावर बाई राहायच्या. एकोडीकडच्या एका शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळे बाई म्हणायचे. नवरा जाऊन बराच काळ झालेला, मुलगी लग्न होऊन दूर. निवृत्तीनंतर त्यांनी हा फ्लॅट घेतला. दारावर त्यांच्या एकटीच्या नावाची पाटी होती आणि ती पाटी त्या रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. गुडघे दुखायचे, तरी वरचाच मजला घेतला. वारा येतो म्हणायच्या.

त्या उन्हाळ्यात इमारतीच्या मागे, नालीच्या काठाला, धोपा, म्हणजे अळू, माजला होता. सगळं रान वाळलेलं आणि आमच्या मागे ही हत्तीच्या कानाएवढी हिरवीगार पानं. बाईंनी ती आणून वड्या केल्या आणि ताटली घेऊन आमच्याकडे आल्या.

"नाली फुटली वाटते जी कुठंतरी. पण धोपा झकास आला. खाऊन पाहा, घशात नाही लागत."

मी त्यांच्यासमोर दोन वड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. बायको माझ्याकडे न पाहता आत निघून गेली.

पाणी वरच्या मजल्यावर सगळ्यात शेवटी पोचायचं आणि सगळ्यात आधी संपायचं. म्हणून बाई, इमारतीतले सगळेच करायचे तसं, नळ उघडा ठेवून खाली बादली लावून ठेवायच्या. पाणी आलं की बादलीत आवाज होतो, मग उठून भरून घ्यायचं. बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी सकाळपासून पाणी आलं नव्हतं. बाई तशाच विहारात गेल्या, नळ उघडाच राहिला.

त्याच दिवशी साळ्याला एका नव्या दवाखान्याच्या काचा धुवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. त्याचा फोनवर फोन. "भाऊजी, करा न काहीतरी. एवढं काम भेटलं तर वर्षभराचं नाव होते." माझ्या नळालाही पाणी नव्हतं. मी भरदुपारी, कधी लावत नाही अशा वेळी, मोटर लावली आणि न्हाणीघरात जाऊन बसलो. पंपाच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा वरून जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांनी पाणी उतरत होतं.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सगळे जमले. तळमजल्यावरचे साड्यांचे व्यापारी, त्यांना आम्ही शेठ म्हणतो, सगळ्यात तापले होते. त्यांचे गठ्ठे भिजले होते. शेठ आमच्याच समाजातले. त्यांच्या आणि माझ्या दोघांच्याही घरी आजोबांच्या काळात माग होते. बाई विहारातून आल्या त्याच पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसल्या होत्या.

"उद्यापासून ऑफिसले डोंग्यानं जातो जी आम्ही," दुसऱ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला. थोडे हसले.

शेठ हसले नाहीत. "आपण इथं तांब्या-तांब्या जपून राहिलो. पण काही लोकायले पाणी आयतं भेटलं का त्याची किंमत नाही राहत."

काही लोक म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे पाण्यावरून असं वाक्य कोणाकडे पाहून बोललं जातं, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बाईंनी पदर नीट केला.

"नळ उघडा राहिला, ते माझं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण भरदुपारी मोटर कोणं लावली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टाकी रिकामी होती म्हणून लावली," मी म्हणालो.

टाकी रिकामी का होती, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, ते आजही मला सांगता येत नाही. ठरलं असं की गच्चीवरचा बाईंच्या लाइनचा कॉक फक्त सकाळी थोडा वेळ उघडायचा. बाकी कोणाच्या नाही. सेक्रेटरी म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी वर गेलो, पान्यानं कॉक फिरवला आणि खाली येऊन जेवलो.

त्यानंतर बाई खालच्या नळावरून पाणी न्यायला लागल्या. गुडघ्यांमुळे एका दमात चढणं व्हायचं नाही. पहिल्या मजल्यावर, आमच्या दारासमोर, त्या बादली टेकवायच्या. बादलीच्या कडीचा आवाज यायचा. मी भिंतीच्या आतल्या बाजूला, ड्रमशेजारी बसलेला. दुसऱ्या नळीतून ते क्षाराचं पाणी नालीत चाललेलं. त्या उचलून पुढे जाईपर्यंत मी पंप बंद ठेवायचो. दया म्हणून नाही. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

एकदा मी दार उघडून म्हणालो, "द्या बाई, मी नेऊन देतो."

"राहू द्या जी. तुमच्या कंबरेचं माहीत आहे मले."

पावसाळा लागायच्या आधी त्या घरी आल्या. लाखांदूरचा भाऊ बोलावत होता. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं होतं, शब्दही दिला होता. सेक्रेटरी म्हणून मला सांगायला आल्या होत्या.

"भावजय वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथं चहात साखर किती टाकू, तेही विचारा लागन." मग जरा थांबल्या. "एक विचारू का? तुमच्या हातात मोटर आहे म्हणून विचारतो. खरंच माझ्या हातून जास्त पाणी जाते का हो? मी लय विचार केला. आता भांडे घासताना माझ्याच हाताकडे पाहत राहतो."

मुलांना शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या बाई स्वतःच्या हाताकडे संशयानं पाहायला लागल्या होत्या. घर जात होतं, त्यांना जायचं नव्हतं, हे तर होतंच. पण त्या जाताना हे गाठीला बांधून जाणार होत्या. मी त्यांना न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. कॅन कधी बंद झाले ते सांगितलं, पौर्णिमेला मोटर कशासाठी लावली तेही. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, याची मला लाज वाटली.

बाई ड्रमकडे पाहत उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी नव्हतो," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग मले सांगून कायले थांबता? खाली सांगा. सगळे असतील तेव्हा. मी येतो."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अन् माझ्या भावाचं काय?" मी साळ्याला फोन केला, रविवारी खाली सगळं सांगणार आहे म्हणालो. "सांगू नका म्हणत नाही भाऊजी. पण पहिले मले सांगा लागत होतं," एवढंच तो म्हणाला. आठवड्याच्या आत त्यानं सामान उचललं. हायवेकडे एका गाड्या धुणाऱ्याच्या बाजूला त्याला जागा मिळाली. फेकायचं पाणी आता गाड्यांना लागतं. हे आधीही करता आलं असतं.

रविवारी पार्किंगमध्ये मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लोक तुटून पडतील. पडले नाहीत. "म्हणूनच धोपा एवढा कसा, आमची बायको म्हणतच होती," कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मोटरची चावी माझ्याकडून काढून घ्यावी का, यावर थोडं बोलणं झालं, पण घ्यायला कोणी पुढे आलं नाही. माझं लवकरच संपलं. बाईंचा विषय कोणी काढेना, तेव्हा मी शेठकडे पाहून म्हणालो, "त्या दिवशी आपण बाईंना बोललो."

"मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं," शेठ म्हणाले.

"तेच तर," बाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीला धरून. "नाव घेतलं असतं तर मी तेव्हाच उत्तर दिलं असतं न भाऊ. काही लोक म्हटल्यावर कोण उत्तर देईन?"

शेठनी मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं. दुसरा कोणी म्हणाला, जाऊ द्या बाई, झालं गेलं, आता राहा आरामात, पाणी येईनच. बाईंनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, होही नाही, नाहीही नाही, फक्त कळलं अशी. त्या थांबल्या नाहीत. टेम्पो आला तेव्हा सामान उतरवायला मी होतो, त्यांनी नको म्हटलं नाही आणि बोलल्याही नाहीत. दारावरची पाटी त्यांनी स्वतः काढली आणि कापडात गुंडाळून हातात घेतली.

आषाढात नवे लोक राहायला आले. नवरा-बायको, दोघंही नोकरीवाले. माझ्याकडे ठेवलेली फ्लॅटची चावी द्यायला मी वर गेलो, मागोमाग शेठही चढून आले. नव्या बाईंनी खिडक्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, "एवढं चांगलं घर, आधीच्या बाईंनी काहून विकलं?"

"गुडघे हो," शेठ म्हणाले. "पायऱ्या होत नव्हत्या त्यायच्यानं."

पूर्वीचा मी असतो तर तिथेच खाली निघालो असतो. "गुडघ्यांमुळे नाही," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझं सांगितलं, आणि पार्किंगमध्ये बाईंना काय ऐकावं लागलं तेही, शब्दाला शब्द. शेठ मधेच जिना उतरून गेले. त्या दोघांनी ऐकून घेतलं. नव्या बाईंनी उघडलेली एक खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळानं नवऱ्यानं विचारलं, "बरं, मोटर कधी लावता?"

मी सांगितलं.