सोमवारचा शर्ट

विमलताईंचं नाव आधी घेतो, कारण माझ्या हातून आयुष्यात जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे झालं. आणि आता जे सांगणार आहे ते मी त्यांच्यापासूनच सगळ्यात जास्त जपून लपवलं. बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही, कोणालाच नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जड जात नसेल. तसंही असेल.

नागपुरात तेव्हा मंदबुद्धी मुलांची एक लहानशी शाळा होती. मंदबुद्धी — तेव्हा हाच शब्द होता, पाटीवरही हाच होता. विमलताई तिथल्या मुख्याध्यापिका. मी कुहीजवळच्या खेड्यातला, घरात पहिला बी.ए. झालेला. मुलाखतीला मी शिक्षणशास्त्राची व्याख्या पाठ करून गेलो होतो. ताईंनी ती विचारलीच नाही. त्यांनी विचारलं, "रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीतल्या चिखलाचा वास कसा येतो?" मी गोंधळलो, मग बोलत सुटलो — सकाळचा वेगळा, दुपारी ऊन पडल्यावर वेगळा, धानाचं रोप उपटलं की त्यात हिरवा, जरा कडू वास मिसळतो तो वेगळा. ताई ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "सकाळपासून पदव्या पुष्कळ आल्या. नाक घेऊन आलेले तुम्हीच पहिले." उद्यापासून या, म्हणाल्या.

त्यांच्या शाळेत रोज एक 'ऋतूचा तास' असे. बाहेर जो ऋतू असेल तो वर्गात आणायचा. मुलांनी तो हातात घ्यायचा, हुंगायचा, चाखायचा, ऐकायचा. उन्हाळ्यात खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या ओल्या करून मुलांचे गाल त्यांना लावायचे. पावसाळ्यात घमेल्यात चिखल आणि त्यात पाय. थंडीत संत्र्याची साल डोळ्यांसमोर पिळायची — बारीक फवारा उडाला की मुलं किंचाळायची, आणि पुन्हा पिळा म्हणून हात पुढे करायची. होळीच्या आधी पळसाची फुलं कोमट पाण्यात भिजवून रंग चढताना बघत बसायचं. कुहीहून सामान आणायचं काम माझं. पिशवी भरून आणत असे. इतका आनंद मला त्याआधी कोणत्याच कामात झाला नव्हता. या मुलाच्या आत काय चाललं असेल? या वासाला तो हसला, त्या वासाला रडला, ते का? — दिवसभर हेच डोक्यात.

ताईंचं म्हणणं असं की प्रत्येक मुलाची एक वस्तू असते. ती सापडली की तिला धरून मूल हळूहळू बाहेर येतं. शोभा नावाची मुलगी कोणाला हात लावू देत नसे, ती संत्र्याच्या सालीमागे यायला लागली, मग साल धरणाऱ्या हाताला यायला लागली, मग हात धरून रांगेत उभी राहायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि नंदू. नंदूची वस्तू सापडत नव्हती.

नऊ-दहा वर्षांचा असेल. लकडगंजातल्या एका लाकूड-व्यापाऱ्याचा मुलगा. बोलत नसे, कोणाकडे बघत नसे, भिंतीला कपाळ लावून उभा राही. वडिलांनी ताईंना सांगून ठेवलं होतं — संक्रांतीपर्यंत बघतो, काही फरक दिसला नाही तर घरी नेतो. घरी म्हणजे त्यांच्या लाकडाच्या डेपोमागच्या खोलीत, हे आम्हाला ठाऊक होतं. ताईंनी आधी लाकडाचाच विचार केला. सागवानाचा भुसा आणवला, ओला, कोरडा. नंदूनं हातही लावला नाही.

आता माझं सांगतो. मी शनिवारी घरी जात असे आणि सोमवारी पहाटेच्या बसनं थेट शाळेत येत असे. आमच्या घरी खोली एकच. माझी खाट गोठ्यात, बैलजोडीच्या पलीकडे. शाळेचा शर्ट तिथेच खुंटीला. पण शाळेत मी सांगितलं होतं की आमच्याकडे गडीमाणसं आहेत, गुरांचं तेच बघतात. का सांगितलं होतं? कोणी विचारलंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना आपलं आपणच सांगून टाकलं. खरं म्हणजे माझे वडीलच दुसऱ्याच्या शेतावर गडी होते. बैलही त्या मालकाचेच, आमच्या दारात बांधलेले.

पावसाळ्यातल्या एका सोमवारी नंदू भिंत सोडून माझ्याकडे आला. माझी बाही धरली आणि नाक तिच्यात खुपसलं. तसाच उभा. मी हललो नाही. श्वास कसा आत घेत होता — तहानलेलं माणूस पाणी पितं तसा. शेजारच्या वर्गाचे देवघरे सर दारातून डोकावले. "भोयर गुरुजी, शर्टाचा रुमाल करून राहिला तो तुमच्या!" त्यांना वाटलं, पोरगं नाक पुसतं आहे.

मला मात्र झोप येईना इतकं कुतूहल. मंगळवारी धुतलेला शर्ट घातला आणि मुद्दाम त्याच्या जवळून गेलो. ढिम्म. खिशात तणीस, धानाचं वाळलं गवत, घालून आलो. जरासा थबकला, पण वळला नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा बाही. तो शर्ट न धुता मंगळवारी घातला — पुन्हा बाही! समजलं का तुम्हाला? त्याला मी नको होतो. गवतही नको होतं. त्याला गोठा हवा होता — बैलांचं अंग, शेण, गोवरीचा धूर, सगळं एकत्र.

मग तान्हा पोळा आला. लहान मुलांचा पोळा, लाकडी बैलांचा. आम्ही ऋतूच्या तासाला तेच घेतलं — बैल रंगवायचे, हळद-तेल चोळायचं, घुंगरू बांधून ओढायचे. नंदूच्या वडिलांनी डेपोतल्या चांगल्या सागवानाचा, चाकांचा बैल पाठवला होता. सगळ्यांत देखणा. नंदूनं तो ढकलून दिला. ताईंनी बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "बैलही नाही." त्या दुसऱ्या मुलाकडे वळल्या. त्याच वेळी नंदू माझ्या बाहीशी आला — सोमवार होता — आणि नाक लावल्या लावल्या त्यानं जीभ टाळूला लावून आवाज काढला. टक्. टक्. टक्.

ताईंना तो आवाज कळला नसता. देवघरे सरांनाही नाही. मी ओळखला. गाडीवर बसून कासरा हलकेच ओढत बैलांना चाल धरायला लावतात, तो आवाज. माझे वडील तसा काढतात. मी तसा काढतो. हे पोर भिंतीला टेकून नुसतं उभं नव्हतं. ते बैल हाकत होतं.

तास संपल्यावर मी ताईंच्या खोलीकडे निघालो. वाक्य मनात जुळवलं होतं — ताई, नंदूची वस्तू सापडली. दारात पोचलो तर आत सगळे चहाला बसलेले. देवघरे सरांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, "सोमवार आला गा! गुरुजी मागून येते, त्यायचा गोठा आधी येऊन राहिला!" सगळे हसले. ताईही हसल्या — थोड्याशा, कपाच्या आडून. त्यात वाईट काही नव्हतं. देवघरे सर मला संत्री आणून द्यायचे, माझ्या आजारपणात डबा पोचवायचे.

मी म्हणालो, "बसमध्ये शेजारी गवळी बसला होता." आणि चहा घेतला.

सांगता आलं असतं ना त्यानंतरही? दुसऱ्या दिवशी? ताईंना एकट्या गाठून? आलं असतं. मी त्याऐवजी लाल साबणाची वडी घेऊन गावी गेलो. सोमवारी अंधार असतानाच विहिरीवर बसून अंग घासलं. आई बादली भरून देत होती. म्हणाली, "काहून गा, आंगाची कातडी काढतं का?" शर्ट मी शेजाऱ्याच्या घरी टांगायला लागलो होतो. ते तिला दिसत होतं.

त्या सोमवारी नंदू आला. बाही धरली, हुंगली. दुसरी बाही हुंगली. मग माझा खिसा, मग कॉलर — टाचा उंचावून. मग माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघायला लागला, कोणीतरी यायचं राहिलं आहे तसा. पुढचे काही सोमवार असंच. नंतर भिंतीपाशीच राहिला.

मला तेव्हा वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. हे खरं आहे.

संक्रांतीच्या आधी वडील आले. खुर्चीत बसले नाहीत. "बाई, तुमी लय केलं. पण घरी बसते तसाच इथं बसते तो." ताई म्हणाल्या, अजून थोडे दिवस द्या, एखादी गोष्ट नक्की असेल. वडिलांनी मान हलवली. "लहान होता तवा बरा होता. आमच्या लाकडाच्या बैलगाडीवर बसला का उतरत नोयता. गाडीवान त्याले मांडीवर घेऊन फिरे. मंग मी ट्रक घेतला, बैलं इकली. तवापासून हा असा भिंतीकडं पाह्यते."

खोलीत आम्ही तिघंच होतो. देवघरे सर नव्हते. हसायला कोणी नव्हतं. ताई माझ्याकडे वळल्या. "भोयर, तुमच्या तासाला तो कधी कशाकडे वळला का? काहीही. अगदी क्षणभर?"

मी म्हणालो, "नाही, ताई."

वडिलांनी बाहेर भिंतीशी उभ्या नंदूचा हात धरला आणि त्याला नेलं. लाकडी बैल शाळेतच राहिला.

दोनेक वर्षांनी लकडगंजात काही कामानं गेलो होतो. डेपोच्या आत एका ओंडक्यावर नंदू बसलेला. उंच झाला होता. मी जवळून गेलो — टेरिलिनचा, इस्त्रीचा शर्ट. त्यानं मान वर केली नाही. ते डोक्यातून जाईना. पुढच्या सोमवारी मी गोठ्यात टांगलेला शर्ट घातला आणि बसमधून उतरून सरळ तिकडे गेलो. ओंडक्यावर कोणी नव्हतं. मजुरानं सांगितलं, त्याला रायपूरकडे मावशीकडे धाडलं. कधी येणार ते त्याला माहीत नव्हतं. तो शर्ट घालून मी दिवसभर शाळेत शिकवलं. कोणी काही म्हणालं नाही.

वळला असता का? ते मला अजून माहीत नाही. माहीत होण्याचा रस्ता आता उरला नाही.

ताई निवृत्त झाल्या. आता पुतण्याकडे असतात. दर दिवाळीला मी फराळ घेऊन जातो. त्या शोभाचं विचारतात, इतरांचं विचारतात, आणि मी निघताना हमखास — "त्या नंदूची वस्तू काय असेल हो, भोयर? मी शोधायला कमी पडले." यंदाही म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडलो, आणि घरी येऊन लिहायला बसलो. ते असं.

तीर्थस्वरूप विमलताई यांस,

रामदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण कमी पडला नाहीत. नंदूची वस्तू त्या पावसाळ्यातच सापडली होती. ती बैलांचा वास होती. तो मी सोमवारी अंगावर घेऊन येत असे, कारण मी आमच्या गोठ्यात झोपत असे. आमच्याकडे गडी नव्हते. गडी माझे वडील होते. नंदू माझ्या बाहीला नाक लावून उभा राही. तान्ह्या पोळ्याच्या तासाला त्यानं जिभेनं टक् टक् असा आवाज केला. गाडीवान बैलांना चालवताना असाच आवाज करतात. सागवानी बैल त्यानं ढकलला, कारण त्याला खऱ्या बैलाचा वास नव्हता.

देवघरे सर गोठ्यावरून हसले आणि मी अंग साबणानं धुवायला लागलो. नंदू आणखी काही सोमवार शोधत आला. नुसता शर्ट काढून त्याच्या हातात दिला असता तरी चाललं असतं.

त्याचे वडील न्यायला आले त्या दिवशी आपण मला विचारलंत, तो कधी कशाकडे वळला का. तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. मी नाही म्हणालो.

आपला,
रामदास भोयर