रुमालाखालची चिंच

रस्त्याच्या गुत्तेदारानं (ठेकेदारानं) करजगीच्या शिवण्णांना फसवलं. रस्त्याकडेची चिंच राखतो असा शब्द देऊन त्यांच्या शेतातला मुरूम नेला, आणि मग चिंचच पाडली. मला हे परवा कळलं, तेही बसमधून भलत्याच जागी उतरल्यावर.

सोलापूरहून सकाळी निघालो. अफजलपूरला गाडी बदलायची होती, तेवढ्यात शेंगावालीशी जुंपली.

"अण्णा, शेंगा घ्यायलाव का शेत?" तिनं हाणलं. वर मूठभर घेतल्याशिवाय मी काही हललो नाही.

पुढं राज्यमार्ग भीमेच्या खोऱ्यात उतरतो. दोन्ही अंगांना ऊस, मध्येच पिवळी करडई, वळणावर खाली चकाकणारं पाणी. पूर्वी इथं मेंढरं आडवी आली की ड्रायव्हर इंजिन बंद करून विडी पेटवायचा. कुणी कुरकुरत नसे. आता रस्ता रुंद झालाय, गाडी थांबतच नाही.

"चिंचेपाशी उतरवा," मी कंडक्टरला सांगितलं होतं. त्याच चिंचेखाली शिवण्णांनी मला बैलांची दलाली शिकवली. हातांवर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबून भाव सांगायचा. तो दोघांतच राहायचा. शेवटी हात दाबला की शब्द पक्का. आज सोलापुरात माझं दुकान आहे, ते त्या शिकवणीवर.

"कुठली चिंच, अप्पा? तुमचा फाटा मागं राहिला की!"

भर उन्हात मागं चालत आलो. जिथं सावली असायची तिथं डांबर होतं.

घरी अक्कांनी, म्हणजे शिवण्णांच्या बायकोनं, भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) वाढली. चव तीच होती.

"अण्णा, तुमच्या डोळ्यांदेखत पाडली?" मी भडकलो.

"गुत्तेदारानं हात दाबला होता रे. रुमालाखाली."

"झाडाचा सौदा रुमालाखाली? कामून?"

"बैल असो का झाड, सौदा उघड्यावर करतेत व्हय?"

"म्हणून तर कुणाला दिसला न्हाई," अक्का चुलीपासूनच म्हणाल्या. "गाव म्हणायलंय, म्हाताऱ्यानं चिंच विकून खाल्ली. हे पारावर जायना झालेत."

शिवण्णांच्या खांद्यावर रुमाल नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. नदीवर तांबूस ऊन पसरलं होतं, पूर्वीसारखंच. बसला एकही हिसका बसला नाही. बसणार कसा? डांबराखाली शिवण्णांचा मुरूम आहे.

गुत्तेदार, झाड तुम्ही परत आणू शकत नाही, हे मलाही कळतं. पण करजगीच्या पारावर या. शिवण्णांना शेजारी बसवा, आणि साऱ्या गावासमोर, उघड्या हातानं सांगा: त्या रुमालाखाली तुम्ही काय कबूल केलं होतं?