डोळ्याखालचा भोवरा

आमच्याकडे जनावर लेकीच्या नावाचं करतात. गाय किंवा म्हैस व्याली की बाप चार माणसांदेखत म्हणतो, “हाई पोरीनी.” कागद नाही, सही नाही. जनावर भावाच्याच गोठ्यात राहतं, पण लेकीला विचारल्याशिवाय कोणी ते विकत नाही. माझ्या वडिलांनी मला घोडी दिली. त्यांचा माझ्यावर जीव होता हे खरंच, पण घोडी माझ्या वाट्याला आली ती भोवऱ्यामुळे.

आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला लागून. त्या बाजारात माणसं दात नंतर पाहतात, आधी भोवरे पाहतात. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. काही जागी तो शुभ, काही जागी अशुभ. डोळ्याच्या खाली असला तर ती घोडी मालकाला रडवते म्हणे. आमच्या तांबूस शिंगराच्या डाव्या डोळ्याखाली नेमका तो होता. वडिलांनी तिला बाजारात नेऊन पाहिलं. गिऱ्हाईक चाल बघून खूश व्हायचं, तोंड जवळून बघायचं आणि पुढच्या घोड्याकडे सरकायचं. शेवटी वडील तिला घरी घेऊन आले आणि ओट्यावर बसलेल्या माणसांसमोर म्हणाले, “हाई पोरीनी. ती तशी बी रडकी शे.” सगळे हसले. मी तेव्हा कॉलेजात होते. चिडून आत गेले आणि खरंच रडले, आनंदाने.

लग्न होऊन मी लोणखेड्याला आले, नोकरीला लागले. घोडी माहेरीच राहिली. फ्लॅटमध्ये कुठे बांधणार? वडील गेल्यावर शेत, घर, गोठा सगळं भावाकडे आलं. मी हक्कसोडीवर सही करून मोकळी झाले, त्याचं मला काही वाटलं नाही. दर दसऱ्याला मी घोडीची पूजा करायला जायचे, आणि माहेरी माझं काही आहे असं वाटायला तेवढं पुरत होतं.

गेल्या दसऱ्याला गोठ्यात तिची जागा धुऊन स्वच्छ केलेली होती. भाऊ म्हणाला, घोडी म्हातारी झाली, पाय सुजतात, गड्यांना जमत नाही, म्हणून नवापूरकडच्या रस्त्याला एक रेस्क्यू झू निघालंय तिथे पोचवली. तिथे डॉक्टर येतात, पंखे आहेत. “तठे तिन्ही मजा शे. आपला घरमा बी इतलं कोनी करत नही,” असं वर हसून म्हणाला. मला न विचारता पोचवली याचा राग आला, पण जागा चांगली म्हटल्यावर गिळला. मी तिला भेटायला जायचं म्हटलं की त्याच्याकडे काही ना काही निघायचं. पपईची तोडणी, गाडीचं काम, पाहुणे. मीही चिवट. दर फोनला विचारत राहिले. मग एका रविवारी त्याचाच फोन आला, “चाल, जाऊत.”

गाडीत भाऊ, आई, मी आणि माझी आठ वर्षांची लेक. आई गुडघ्यांमुळे देवळातसुद्धा जात नाही. त्या दिवशी मात्र नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी गाडीत बसली होती. मला बरं वाटलं. तिलाही घोडीची आठवण येत असणार, असं मी समजले. इतकी शिकले आणि इतकी भोळी राहिले.

ते झू म्हणजे आंब्याच्या बागेत ओळीने जाळ्या. आत परदेशी प्राणी, सगळे कोणीतरी हौसेने घेतलेले आणि मग टाकलेले. निळापिवळा मकाव पोपट छातीची पिसं उपटून उघडाबोडका बसला होता. हिरवा इग्वाना दगडासारखा पडला होता. मुठीएवढं माकड होतं, ते म्हणे सुरतेच्या एका फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये ठेवलेलं सापडलं. प्रत्येक जाळीवर त्याची हकिकत लिहिलेली पाटी. मालक परदेशी गेले. घर लहान पडलं. बाळ झालं. लेक प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती आणि विचारत होती, “मग सोबत का नाही नेलं?” मी सांगितलं, माणसं हौस भागली की अशीच वागतात. भाऊ माझ्या पुढेच चालत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

इमूंच्या पलीकडे लाकडी कुंपणात तीन-चार म्हाताऱ्या घोड्या होत्या. भाऊ थेट एका तांबूस घोडीपाशी गेला. तिच्या कपाळावर आमच्या घोडीसारखाच पांढरा पट्टा होता. “हाई देख तुन्ही घोडी,” तो म्हणाला. “देख कशी जाडजूड व्हयनी.” लेक उड्या मारायला लागली.

मी थबकले. रंग तोच, पट्टा तोच. पण कान तसे वाटेनात, आणि माझ्याकडे बघून ती नाकातून फुरफुरली नाही. वाटलं, म्हातारपणी विसरली असेल. मी तोंड बघायला पुढे झाले, तेवढ्यात आई माझ्याआधी कुंपणाशी पोचली. तिने घोडीचं तोंड दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि डाव्या गालावर तळहात ठेवून कुरवाळू लागली. “हाईच शे व माय,” आई म्हणाली. “माले वळखी लिधं तिनी.”

घोडी मान झटकत होती. आईचा हात तिच्या मानेबरोबर वरखाली होत होता, पण डोळ्याखालून सुटत नव्हता.

भाऊ पपई-केळीतला माणूस. घोड्याच्या तोंडाकडे त्याने कधी धड पाहिलं नाही. रंग आणि पट्टा जुळला की झालं, असं त्याला वाटलं असेल. पण आईला भोवरा ठाऊक होता. तो कुठे होता आणि तिथे काय झाकायला हवं, हे ठाऊक असणारी त्या कुंपणाशी मी सोडून ती एकटीच होती.

“माय, हात काढ,” मी म्हणाले.

तिने ऐकलं नाही. मीच तिचं मनगट धरून हात बाजूला केला. खाली केस सरळ, गुळगुळीत होते.

“आई, हीच ना आपली?” लेकीने विचारलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. हो म्हणाले असते तर सगळे हसतखेळत घरी आलो असतो. माझा तोंडाळ स्वभाव मला कुठे तसं करू देतो! “नाही,” मी म्हणाले. “आपली तुझ्या मामाने विकली.”

“लोकेस्मा तमाशा करू नको,” भाऊ दात आवळून म्हणाला आणि ताडताड गाडीकडे निघून गेला. विकली नाही, असं मात्र म्हणाला नाही. लेक रडायला लागली. मी तिला मकावच्या जाळीपाशी पाठवलं आणि आईला झाडाखालच्या बाकावर बसवलं.

“तुले माहीत व्हतं?”

आई पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, “तू तं तुन्हा घर जाशी, बाई. माले त्यान्हाजोडे ऱ्हानं शे.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला भयंकर संताप आला. भावाचं समजू शकले असते. त्याला म्हातारी घोडी म्हणजे फुकट जाणारा चारा. पण तो निदान आईच्या आड लपला होता. आई कोणाच्या आड लपली नव्हती. सकाळी नवं लुगडं नेसून, दुखरे गुडघे घेऊन ती माझ्याशी खोटं बोलायला एवढ्या लांब आली होती. पोटच्या पोरीला फसवायला माणूस इतके कष्ट घेतं का?

“कोनले दिधी?” मी विचारलं.

“व्यापारी उना व्हता. कोठला ते माले माहीत नही.”

“आन् ती गयी? मुकाट्यानं गयी?”

आई आता तरी काही बरं सांगेल, निदान घोडीने दावं तोडलं, लाथ मारली, असं काही सांगेल म्हणून मी थांबले.

“कोनाच हातले उनी नही,” आई म्हणाली. “भाऊले बी नही, व्यापारीले बी नही. मंग माले बलावं. मी भाकर लिधी अन् टेम्पोवर चढनी. मन्हामांगे चढनी ती.”