रंगवलेली हळद

आज माझ्या गोदामात हळदीचं पोतं फोडलं आणि त्या वासाबरोबर मी थेट सांगलीत, इब्राहिमचाचांच्या, हळकुंडं घोळवून चकचकीत करायच्या पॉलिशच्या ड्रमापाशी जाऊन पोचलो. चाचा मालक, मी त्यांचा सुपरवायझर. गाडी भरण्याआधी मालातली पहिली ओंजळ कुणातरी कामगाराच्या घरी द्यायची, ही त्यांची रीत.

त्या दिवशी परगावच्या व्यापाऱ्यासाठी माल उठावदार दिसावा म्हणून मी त्यांना न विचारता ड्रममध्ये पिवळा रंग टाकला होता. चाचांनी एक हळकुंड उचलून चोळलं, बोटं पाहिली. ओरडले नाहीत. ओंजळ भरून माझ्यापुढं धरली.

"तुजी बायको बाळंतीण हाय न्हवं? ने, तिच्या दुधात घालाय."

माझा हात पुढं झाला नाही.

मग त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. "माल येत न्हाई. रंग पडलाय त्यात. व्हय, चूक माजीच हाय." मी शेजारीच उभा होतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हा वाटलं, सुटलो.

आता मालक मी आहे आणि चाचा नाहीत. गाडी भरायच्या आधी मीही ओंजळ भरतो. ती माझ्यापुढं धरणारं मात्र कुणी उरलं नाही.