उडू नये म्हणून

माझे वडील पेट्रोलच्या वासालासुद्धा अंगणाबाहेर जाऊ देत नसत. लढाईच्या दिवसांत वाशीमला आमच्याकडे मोटारींसाठी पेट्रोलचं पिंप असे. उन्हानं ते उडून जाऊ नये म्हणून वडिलांनी पिंप गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं होतं, वर ओली पोती. बुचातून दोन नळ्या निघत. लांब नळी तळापर्यंत जाई, तिच्यावर हातपंप. आखूड नळी आत वरच्यावर संपे. मोटारीची टाकी भरताना जी वाफ निघे, ती या नळीतून परत पिंपात यावी, ही वडिलांची अक्कल. लोक हसत. म्हातारा हवेलाही गाठ मारून ठेवतो, असं मीच चारचौघांत म्हणे.

वैशाखातल्या एका दुपारी माझी बायको बाळंतपणात अडली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "माह्या हातचं नाई आता. अकोल्याले न्या, लवकर."

मोटार दारात होती, ती हाकणारे चाचा तयार होते, पण टाकी ठणठणीत कोरडी. मी पंपाचा दांडा मारत सुटलो. थेंब येईना. आतलं चामडं वाळून तडकलं होतं. घरातून तिचं कण्हणं ऐकू येई. मध्येच ते थांबे, की मी चार पावलं घराकडे जायचो, पुन्हा पिंपाकडे.

"पिंप उकरून काढू," मी म्हणालो.

"भरलेलं हाय भाऊ. उकरता उकरता सांज होईन," चाचा म्हणाले.

पिंपाच्या तोंडातून डबा आत जाईना. तोंडानं ओढून नळी लावावी, तर पिंप जमिनीत आणि टाकी कमरेइतकी वर, खालचं पेट्रोल आपोआप चढणार कसं? मी वडिलांवर उखडलो. "कायले पुरलं तुमी? उडू नये म्हनून? आता माही बायको चालली ना!"

वडील आखूड नळीकडे बघत उभे होते. मला तर त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"काय पाहून राह्यले?"

"तुह्या सायकलचा पंप आन," ते म्हणाले.

त्यांनी हातपंप काढून लांब नळी रबरी नळीनं थेट टाकीला जोडली. आखूड नळीवर चिंधी गुंडाळून सायकलचा पंप बसवला आणि पिंपात हवा मारू लागले. चाचा पुटपुटले, "चाकात भरतेत हवा, पिंपात नाई." तेवढ्यात नळी खळखळली. आतल्या हवेनं दाबलेलं पेट्रोल वर चढून टाकीत पडायला लागलं. आईनं धावत जाऊन चुलीवर घागर ओतली, कारण वाफेची परतीची वाट पंपानं अडली होती आणि सगळ्या अंगणात वास सुटला होता. वडिलांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता, तरी पंप ते माझ्या हाती देईनात.

मोटार निघाली तेव्हा तेही अनवाणीच चढले. मेडशी ओलांडली आणि मोटारीतच मुलगी झाली. अकोल्याच्या डॉक्टरनं तिच्या आईला वाचवलं.

दोघींना घेऊन परतलो तर पिंपाचं तोंड उघडंच. घाईत नळ्या उपटल्या होत्या, बूच मातीत पडलं होतं, पोती वाळून कडक झाली होती. वडिलांनी आत काठी घालून पाहिली. बरंच उडालं होतं. आता काय ऐकावं लागेल म्हणून मी बुचावरची माती झटकत बसलो.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात धोतराला पुसले.

"उडू दे रे," ते म्हणाले. "पोरीले आन इकडे. डोये कोनावर गेले, पाहू दे."