हार घातलेले बाबा

लिंक उघडून बघायची सवय आमच्या नातेवाइकांना नाही. सोबत चित्र येतं, तेवढं बघायचं आणि हात जोडून मोकळं व्हायचं. हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा. उल्हासनगरच्या दुकानदारांना मी सारखी बजावत असते, "सेठ, लिंक के साथ कौन सा फोटो जाएगा, पहले वो पक्का करो." स्वतःच्या घरी मात्र मी ते पक्कं केलं नाही.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. समारंभाला येऊ न शकलेल्यांसाठी मी फोटो आणि भाषणांचं एक पान बनवलं, वर बाबांचं नाव दिलं, लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि अंघोळीला गेले.

बाहेर आले तर 'भावपूर्ण आदरांजली'ची रांग लागलेली. एका काकांनी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरचा, कार्यक्रम कधी, तेही विचारलं होतं. वरचं चित्र पाहिलं तेव्हा कळलं. कुठला फोटो दाखवायचा ते मी सांगितलं नव्हतं, म्हणून पानावरचा पहिलाच उचलला गेला होता. मूळ फोटोत बाबांच्या दोन्ही बाजूंना सहकारी दात काढून हसत होते. चौकोनात कापताना ते सगळे गेले. उरली राखाडी भिंत, झेंडूचा हार आणि हार पडला की हसायचंच विसरणारे बाबा. खाली नाव.

बदलापूरच्या आमच्या बाल्कनीत बाबा चहात खारी बुडवत होते. त्यांचा फोन वाजला. "हां, मीच बोलतोय," ते म्हणाले. पलीकडच्या माणसाने फोनच ठेवून दिला.

मला हसू येईना. चामटोलीची आत्याही त्या ग्रुपवर होती. ती बाबांची थोरली बहीण, हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिला वाचता येत नाही, ती फक्त फोटो बघते.

तिला फोन लावला, उचलेना. ग्रुपवरचा मेसेज मी सगळ्यांसाठी डिलीट केला. बाबांचा चहा पितानाचा फोटो काढला, लिंकसोबत तोच दिसेल अशी ओळ पानाच्या कोडमध्ये लिहिली आणि स्वतःलाच लिंक पाठवून पाहिली. पुन्हा हारवाले बाबा! फोनने जुनं चित्र जपून ठेवलं होतं. मी अशा काही शिव्या घातल्या की बाबांनी हातातली खारी खाली ठेवली. मग लिंकच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह आणि आकडा जोडला. तेवढ्याने फोन तिला नवीन लिंक समजतो. चहावाले बाबा दिसले. ते ग्रुपवर टाकले. आत्या तरीही फोन उचलेना.

बाबा चपला घालून चामटोलीला निघणार, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. आत्या धापा टाकत वर आली, दारात बाबांना पाहिलं आणि मटकन खाली बसली. मग उठून तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या," म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मग दोघंही रडायला लागले. मी पाणी आणायला आत पळाले, कारण मलाही आवरेना. आत्या धडधाकट होती, बाबा धडधाकट होते, आणि मी पाण्याबरोबर चहाचं आधणही ठेवलं.

चहा झाल्यावर आत्याने फोन माझ्या हातात दिला. कार्यक्रम विचारणाऱ्या त्याच काकांनी तो हारवाला मेसेज तिला वेगळा पाठवला होता. तो माझ्या डिलीट करण्याने गेला नव्हता.

"ह्यो काढ," ती म्हणाली. "माझ्या फोनात ह्याच्या गळ्यात हार नको."

मी काढला. नवीन लिंक दाखवली. चहावाले बाबा तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, मग समोरचे पाहिले, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"हां, आता बरोबर हाय," म्हणाली.

लिंक तिने अजून उघडलेली नाही. पण रोज सकाळी त्या चौकोनातल्या भावाला बघते आणि मगच कामाला लागते.